डावा कौल

"हात जोड ना गो," मी प्रज्ञाच्या कानाशी कुजबुजले. "भार्गवशेठ बघतायत."

प्रज्ञाने हात जोडले नाहीत. दोन्ही हात फ्रॉकच्या शिवणीला चिकटवून ती हनुवटी वर करून उभी राहिली. तिच्या मागे बौद्धवाडीतली बाकीची पोरंही तशीच. समोर भिंतीवर सरस्वतीची नवीकोरी तसबीर होती, तिच्या शेजारी आमच्या ग्रामदेवीची, वाघजाईची छोटी तसबीर होती, आणि दोघींपुढे निरांजन ओवाळत भार्गवशेठ मांडवकर आरती म्हणत होते. राष्ट्रगीत होऊन गेलं होतं. आपण सगळे एकमेकांचे बांधव असल्याची प्रतिज्ञाही नुकतीच घसा ताणून म्हणून झाली होती.

खरं तर हात मीही जोडले नव्हते. माझा उजवा हात कुबडीवर असायचा. हात जोडायचे तर कुबडी सोडावी लागली असती आणि मी पडले असते. त्याबद्दल मला कुणी कधी काही बोललं नाही.

"गुरुजी," आरती संपल्यावर भार्गवशेठ म्हणाले, "ही पोरं हात का जोडत नाहीत?"

चौगुले गुरुजी कोल्हापूरकडचे. आमच्या गावच्या शाळेत ते एकटेच मास्तर, एकटेच मुख्याध्यापक. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "त्यांच्यात नसतं ओ ते, शेठ."

"त्यांच्यात नसेल. शाळेत आहे ना आता?"

भार्गवशेठ आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी गणपतीला आले ते नवे बाक, पंखे आणि या दोन तसबिरी घेऊनच आले. माणूस वाईट नव्हता. आपण शिकलो त्या शाळेला काहीतरी द्यावं असं त्याला मनापासून वाटलं होतं. फक्त देताना त्याने एक अट घातली होती, रोज परिपाठात वाघजाईची आरती झाली पाहिजे आणि ती सगळ्यांनी हात जोडून म्हटली पाहिजे. गणपती गेले, चाकरमानी परतले, पण भार्गवशेठ आरतीची घडी बसवायला मागे राहिले.

संध्याकाळी प्रज्ञाचे आजोबा शाळेच्या पायरीशी आले. रतन कासारे, मुंबईच्या गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले. मी पायरीवर बसून बाबांची वाट बघत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"गुरुजी, तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण ही शाळा सरकारची आहे, देवळाची नाही. पोरांच्या पुस्तकात पहिल्या पानावर काय छापलंय ते तुम्हीच त्यांना वाचायला शिकवलंत. आरती बंद झाली नाही तर सोमवारपासून आमची पोरं माझ्या भावाच्या गावच्या शाळेत जातील. राहायला तिथेच ठेवू."

"रतनराव, सोमवारपासून?" गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. "सप्टेंबरअखेर पट मोजतात. तुमची पोरं गेली तर पट वीसच्या खाली जातोय. मग शाळाच बंद करतील!"

"मला माहीत आहे ते. मला काय आनंद होतोय का? याच शाळेत मी मुळाक्षरं गिरवली." त्यांनी पायरीवरून वर्गाकडे बोट केलं. "पण माझ्या बापाला या शाळेत पाणी वरून ओतायचे. तेव्हा त्याने मान खाली घातली. आता माझ्या नातीने घालायची काय?"

गुरुजींनी वर फोन केला होता, तालुक्याला. साहेब म्हणाले होते, स्थानिक पातळीवर सामोपचाराने मिटवा. साहेबांचं ठीक होतं, त्यांनी हात झटकले की काम झालं.

तेवढ्यात बाबा आले. माझे बाबा, धाकटू गुरव, वाघजाईच्या देवळाचे पुजारी. आई मी दुसरीत असतानाच गेली, तेव्हापासून घरी आम्ही दोघंच. देऊळ, शाळा आणि आमचं घर एका रांगेत होतं. सकाळी पूजेला जाताना ते मला खांद्यावरून शाळेत सोडत आणि संध्याकाळी दिवाबत्ती करून न्यायला येत.

गुरुजींनी त्यांना बाजूला घेतलं, पण बोलणं मला ऐकू येत होतं.

"धाकटू, वरच्या वाडीतल्या पोरांना काही फरक पडणार नाही. दुसऱ्या शाळेत जायला भार्गवशेठ टेम्पो करून देतो म्हणालेत. टेम्पो वर डांबरी रस्त्याला थांबणार. पण कुंदा पाखाडी चढून कशी जाणार?"

पाखाडी म्हणजे आमच्या वाडीपासून रस्त्यापर्यंतच्या दगडी पायऱ्या. धडधाकट माणसाला धाप लागते. पावसात त्यावर शेवाळ धरतं.

"मी नेन की उचलून," बाबा म्हणाले.

"रोज? सकाळची पूजा कोण करणार? आणि ती काय लहान राहणार आहे का? अरे, तिची सातवी होऊ दे. आठवीपासून रत्नागिरीचं वसतिगृह तिला घेतंय, मी बोलून ठेवलंय. अपंग मुलींचं आहे, सगळी सोय आहे. पण सातवी पास पाहिजे. मध्येच घरी बसली तर बसलीच."

तेव्हा मी सहावीत होते. घरी बसणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या शेजारची सुमन, माझ्याहून मोठी, तिचाही पाय असाच. ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोंबड्या हाकत असे. लोक तिच्याशी बोलायचे तेही कोंबड्यांना बोलल्यासारखं. मला रात्रंदिवस तिचं खळं दिसू लागलं. मी जेवेनाशी झाले.

"बाबा, मी खळ्यात नाय बसणार," मी म्हटलं.

"नाय बसवणार गो बाय तुला," बाबा म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

शनिवारी देवळाच्या सभामंडपात वरच्या वाडीची बैठक बसली. मानकरी दाजी गावकर मधे, शेजारी भार्गवशेठ. गुरुजी खांबाला टेकून उभे होते. बाबांनी मला कोपऱ्यात बसवलं आणि ते मधे जाऊन उभे राहिले. गावाच्या बैठकीत बाबा बोलायला उभे राहिलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"माझा एक म्हणणा हाय," ते म्हणाले. "आरती शाळेत नको. देवळात हायच ना रोज. पोरांनी हयसर यावा."

एकच गलका उठला.

"गुरव हा असला बोलतो?"

"देवीचा खातोस आणि देवीलाच नको म्हणतोस?"

"कासाऱ्यान काय भरवला रे तुला?"

बाबांनी हात जोडले. "माझी पोर घरी बसल हो. शाळा बंद झाली तर माझ्या पोरीचा काय?"

"तुझ्या एका पोरीसाठी देवी खाली उतरवायची?" भार्गवशेठ म्हणाले. पण बोलल्यावर त्यांनाच ते लागलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "धाकटू, कुंदाचं मी बघेन. मुंबईला एखादी संस्था..."

"मुंबईला कशाला? शाळा हयसर हाय!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की दाजींनी काठी आपटली.

दाजींनी सगळ्यांना गप्प केलं. मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, "आपण कशाला भांडताव? जिची आरती, तिलाच इचारू. उद्या सकाळी कौल लावू. देवी हो बोलली तर आरती, नाय बोलली तर नाय."

सगळ्यांच्या माना हलल्या. का नाही हलणार? देवी आपल्याच आरतीला नको म्हणेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गुरुजी मात्र खांबापासून पुढे आले. "दाजी, अहो, शाळेचा निर्णय देवळात कसा होईल? ओल्या दोन कळ्या लावायच्या, त्यातली कुठली तरी आधी पडणारच. त्यावर सरकारी शाळा..."

"गुरुजी," दाजी शांतपणे म्हणाले, "तुमच्या सायबान सांगितलान ना, गावात मिटवा? मग आमच्या गावात असाच मिटतो."

गुरुजी परत खांबाला जाऊन टेकले.

आमच्याकडचा कौल असा असतो. वाघजाईची मूर्ती म्हणजे एक काळा उभा पाषाण. त्याच्या दोन खांद्यांवर तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून चिकटवायच्या. गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, भावकीचे तंटे, सगळं आमच्याकडे असंच ठरे. आणि कळ्या लावण्याचा अधिकार फक्त बाबांचा. त्यांच्या वडलांचा, त्यांच्या आज्याचाही तोच. बाबा कौल लावायच्या दिवशी पाणीसुद्धा पीत नसत. कौलाच्या कळ्या खुडून आणायचं काम माझं, कारण तगर आमच्या दाराशीच होती आणि ते मला बसून करता यायचं.

रविवारी सकाळी मी परडी घेऊन बसले.

"बाय," बाबा मागून म्हणाले, "आज सगळ्या मुक्या कळ्या नको. एक जाड देठाची घे. जराशी उमललेली."

"ती कशाला?"

"घे सांगतंय ती."

मी घेतली. बाबांचा चेहरा ओढलेला होता. रात्रभर त्यांच्या कुशी बदलण्याचा आवाज मला येत होता. मला खांद्यावर घेताना ते नेहमी काहीतरी चेष्टा करायचे, पोत्यात दगड भरलेत काय गो, असं काहीतरी. त्या दिवशी काहीच बोलले नाहीत.

देऊळ गच्च भरलं होतं. बौद्धवाडीतली माणसं देवळात यायची नव्हतीच, पण रतनकाका आणि प्रज्ञा समोरच्या शाळेच्या पायरीवर येऊन बसले होते. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, माझ्या नेहमीच्या जागी.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "आई वाघजाई, तुझी आरती शाळेत व्हावी अशी लेकरांची इच्छा हाय. तुझ्या मनात असल तर उजवी दे, नसल तर डावी दे." मग त्यांनी परडीतून दोन कळ्या घेतल्या, पाण्याच्या तांब्यात हात घातला, गंधाच्या वाटीपाशी हात गेला, आणि मूर्तीकडे वळून त्यांनी दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या. मागे सरून ते उभे राहिले. ते मूर्तीकडे बघत नव्हते. खाली फरशीकडे बघत होते.

फार थांबावं लागलं नाही. डावी कळी घसरली आणि पायाशी पडली.

देवळात कुजबुज सुरू झाली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या, पण मी तोंड घट्ट मिटून बसले.

"असं कसं होईल?" भार्गवशेठ पुढे आले. त्यांचा चेहरा पडला होता, रागापेक्षा दुखावल्यासारखा. "देवी आपली आरती नको म्हणेल? धाकटू, परत लाव."

"देवीला दोनदा इचारायचा नसता."

"दाजी, तुम्ही सांगा. आजवर कधीच परत लावला नाही?"

दाजींनी खाकरून घसा साफ केला. "लावलाय. भावकीच्या तंट्यात लावलाय एकदा. लाव, धाकटू."

"मी नाय लावणार."

"का नाही?" भार्गवशेठनी विचारलं आणि सगळी माणसं बाबांकडे बघू लागली.

बाबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. भार्गवशेठ वाकले, माझ्या परडीतून त्यांनी स्वतःच दोन कळ्या निवडल्या, दोन्ही मुक्या, दोन्ही सारख्या. स्वतःच त्या तांब्यात बुडवल्या आणि बाबांच्या तळहातावर ठेवल्या. मग ते गाभाऱ्याच्या दाराशीच उभे राहिले, अगदी बाबांच्या हाताजवळ.

बाबांनी आधीची उजवी कळी काढली आणि मूर्तीचे दोन्ही खांदे पाण्याने धुऊन पुसले. मग एक कळी उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या खांद्यावर लावली. या वेळी ते मागे सरले नाहीत. मूर्तीसमोर गुडघे टेकून बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गाऱ्हाणं त्यांनी मोठ्याने घातलंच नाही. फक्त ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला एवढंच ऐकू आलं, "आई, माझी पोर. आई, माझी पोर."

कळ्या जागच्या हलेनात. समईची वात काजळली, कुणीतरी ती पुढे सारली. एक म्हातारी खोकायला लागली, तिला बाहेर नेलं. उजव्या कळीला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तो थेंब मोठा होत गेला. कळी देठाशी किंचित वाकली. सुमनचं खळं डोळ्यासमोर आलं, तिच्या कोंबड्यांसकट. मी कुबडी दोन्ही हातांनी धरली. तो थेंब एकटाच पडला. कळी राहिली.

आणि मग डावी पडली.

बाबा तिथेच आडवे झाले. लोकांना वाटलं दंडवत घालतायत. मला त्यांचं रडणं ऐकू येत होतं.

"देवीची इच्छा," दाजी म्हणाले आणि उठले. भार्गवशेठ बराच वेळ मूर्तीकडे बघत उभे होते. मग त्यांनी शाळेत जाऊन स्वतःच्या हाताने दोन्ही तसबिरी उतरवल्या आणि देवळात आणून ठेवल्या. बाक आणि पंखे मात्र त्यांनी परत नेले नाहीत, हेही सांगायला हवं.

बाबा मला खांद्यावर घेऊन बाहेर आले तेव्हा रतनकाका अजून शाळेच्या पायरीवर होते. प्रज्ञा पळत आली आणि तिने माझा लोंबता पाय धरला. आम्ही दोघी हसत होतो.

"सोमवारी येतील आमची पोरं," रतनकाका म्हणाले. "धाकटू, तुझ्या पोरीसाठी मला बरं वाटतंय. खोटं नाही सांगत. पण मला एक सांग."

"काय?"

"उजवी पडली असती तर?"

बाबांनी मला खांद्यावर सावरून घेतलं.

"आमच्या पोरांनी मान ताठ ठेवायची की नाही, ते एका कळीवर होतं. तुझ्या देवीने नको म्हटलं म्हणून सुटलो. ते तिला विचारायचंच नव्हतं रे." ते उठले, प्रज्ञाचा हात धरला आणि खाली बौद्धवाडीकडे चालू लागले.

माझी सातवी झाली. वसतिगृह झालं, कॉलेज झालं. आता मी चिपळूणला बँकेत आहे. बाबांनी त्या दिवसानंतर कौल लावला नाही. हाताला कंप सुटतो म्हणून त्यांनी तो अधिकार माझ्या चुलतभावाला, सदूला दिला. पूजा मात्र रोज करत राहिले. गावाने त्या कौलाची मोठी कीर्ती केली. देवीने दोनदा सांगितलं, दोनदा, असं लोक पाहुण्यांना सांगत. कुणी तसं सांगू लागलं की बाबा उठून बाहेर जात. मला वाटायचं, स्तुती सहन होत नाही त्यांना.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण वय बघता खात्री देता येत नाही. करावं की नाही, माझं डोकं चालेना. एवढी शिकलेली मी, त्या दवाखान्याच्या खाटेशी बसून म्हणाले, "बाबा, सदू कौल लावतो म्हणतोय. लावू दे?"

"नको."

"का? देवीने आपल्याला कधी..."

"नको बोललो ना." त्यांना बोलायला त्रास होत होता. तरी ते उठून बसले. "बाय, ती जाड देठाची कळी आठवते?"

मला आठवत होती.

"ती मी डावीकडे लावली. वजनान पडायची ती. आणि उजवी पाण्यान नाय लावली. गंधान चिकटवली."

दवाखान्यातला पंखा फिरत होता. त्या एका कळीवर माझं सगळं आयुष्य उभं होतं.

"आणि दुसऱ्यांदा?" मी विचारलं. "भार्गवशेठनी कळ्या दिल्या तेव्हा?"

"तेव्हा मी काय नाय केला. करता आलाच नाय. तेव्हा तिनच पाडली."

"मग झालं तर!" मी त्यांचा हात धरला. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. "बाबा, म्हणजे देवी आपल्याच बाजूची होती. तिला स्वतःलाच नको होतं ते."

"तेच तर गो," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ती होती. जल्मभर तिचा खाल्ला मी, आणि एकदाच तिच्यावर भरवसा टाकायची येळ आली, तर मी गंधात बोट घातला. नुसता इचारला असता तरी तिन ताच सांगितला असता. आता परत कुठच्या तोंडान इचारू?"

मी सदूला फोन करून सांगितलं, कौल लावू नकोस. मग डॉक्टरांना सांगितलं, ऑपरेशन करा.

सकाळी त्यांना आत नेताना मी स्ट्रेचरच्या बाजूने कुबडी टेकत चालले. नर्स म्हणाली, "आजोबा, देवाचं नाव घ्या." बाबांनी डोळे मिटले. त्यांनी हात जोडले नाहीत. दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवून ते पडून राहिले, परिपाठात प्रज्ञा उभी राहायची तसे.